कारभाऱ्याचें ज्ञान आणि कारभाऱ्याची जाण

लोकांचा कारभार ज्याच्या हातीं सोंपवावयाचा तो मनुष्य त्या विषयांतील तज्ज्ञ असावा, कीं माणसांची नाडी ओळखणारा, उपजत समज असलेला असावा, हा वाद फार जुना आहे. एक पक्ष म्हणतो कीं, पाण्याचें खातें पाण्याचें शास्त्र जाणणाऱ्याकडे असावें आणि आरोग्याचें खातें वैद्याकडे असावें. यांत वाद तो कसला? दुसरा पक्ष म्हणतो कीं, तज्ज्ञाच्या डोळ्यांना झांपड असतें. त्याला आपला रस्ता तेवढा दिसतो, आजूबाजूचा गांव दिसत नाहीं. म्हणून तज्ज्ञ हाताखालीं असावा आणि वर बसणारा शहाणा असावा. दोन्ही पक्षांपाशीं दाखले भरपूर आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म मुलांना इतिहास शिकविण्यांत घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. नवा सिद्धांत मांडण्याची माझी योग्यता नाहीं. परंतु एका थोर पुरुषाचें चरित्र आपल्यापुढें उलगडून, त्यांतून या वादाचा कांहीं निकाल लागतो काय, हें आपण मिळून पाहूं शकतों. तो पुरुष म्हणजे सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या.

प्रथम त्या काळची कारभाराची घडी कशी होती तें सांगतों. १८५४ सालीं मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें हिंदुस्थानांतील मुलकी नोकरीसाठीं खुली परीक्षा असावी अशी शिफारस केली आणि १८५५ पासून ती परीक्षा सुरू झाली. तिच्या मुळाशीं एक तत्त्व होतें. ज्या तरुणानें ग्रीक, लॅटिन, गणित यांसारख्या विषयांत आपली बुद्धि घांसली आहे, त्याला पुढें कोणतेंहि काम शिकतां येईल. मग तें सारावसुलीचें असो, न्यायदानाचें असो कीं दुष्काळनिवारणाचें असो. या तत्त्वांतून जिल्ह्याचा कलेक्टर निर्माण झाला. तो सर्व जाणे आणि कशांतच पारंगत नसे. इंजिनियर, डॉक्टर, जंगलखात्याचा अधिकारी हे त्याच्या भोंवतीं असत, परंतु निर्णयाची खुर्ची त्यांची नसे. या पद्धतीनें कांहीं उत्तम माणसें दिलीं, हें नाकारतां येत नाहीं. परंतु जो तज्ज्ञ, तो सल्ला देणारा. आणि जो निर्णय घेणारा, तो तज्ज्ञ नव्हे, अशी एक भिंत तिनें उभी केली, आणि ती भिंत पुष्कळ काळ टिकली. विश्वेश्वरय्यांचें चरित्र या भिंतीच्या दोन्ही बाजूंना घडलें, म्हणून तें आपल्या उपयोगाचें आहे.

म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी या खेड्यांत त्यांचा जन्म झाला. बंगळूर येथें पदवी घेतल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति मिळवून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले. जें पुढें पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखलें गेलें तेंच हें. १८८३ सालीं ते तेथील परीक्षेंत पहिले आले आणि १८८४ सालीं मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनियर म्हणून रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणें, सिंध ही त्यांची पहिली कर्मभूमि. म्हणजे ज्या ज्ञानाची पुढें म्हैसुरास फळें मिळालीं, त्याची पेरणी मुंबई इलाख्यांत झाली होती.

खानदेशांतील त्यांच्या नोकरीच्या आरंभींची एक हकीकत मोठी बोधप्रद आहे. पांजरा नदीच्या खोऱ्यांत एका कालव्याचें पाणी नळाच्या वाटेनें पलीकडे नेण्याचें काम त्यांच्याकडे आलें. इतक्यांत पावसाळा लागला आणि नदीच्या गाळानें व वाळूनें काम बिघडूं लागलें. तरुण इंजिनियरानें वर लिहिलें कीं, पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावें. वरिष्ठांनीं त्यांच्या शिस्तीविषयीं आणि आज्ञाधारकपणाविषयींच शंका काढली. तरुण मनाला हा घाव लागला असेल. परंतु त्यांनीं वाद घातला नाहीं. पावसांत, पुरांत उभें राहून काम पुरें केलें आणि वरिष्ठांची शाबासकी मिळविली. यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. एक अशी कीं, शास्त्राचें पुस्तक नदीला ठाऊक नसतें. नदीचा स्वभाव नदीकांठींच शिकावा लागतो. दुसरी अशी कीं, आपला सल्ला मानला गेला नाहीं म्हणून हात झटकणारा तज्ज्ञ कारभाराच्या कामाचा नव्हे.

पुढें सिंधमध्यें, सक्करच्या पाणीपुरवठ्याचें काम त्यांच्याकडे आलें. सिंध त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होता. शहर सिंधु नदीच्या कांठीं. पाण्याला तोटा नाहीं, परंतु पाणी गढूळ. तें गाळण्यासाठीं वाळूचे मोठे हौद बांधावे, ही शास्त्राची सांगी. नगरपालिकेच्या तिजोरींत तेवढा पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनीं नदीच्या पात्रांतच विहीर खणविली, आणि तिचें पाणी पात्राखालून भुयारी वाटेनें कांठावर आणलें. नदीच्या पोटांतली वाळू हीच गाळणी झाली. ही युक्ति आपणांस किती साधी वाटते! उन्हाळ्यांत आटलेल्या नदींत झरा उकरून स्वच्छ पाणी भरणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना ती शतकानुशतकें ठाऊक आहे. परंतु पदवीधर इंजिनियराला ती सुचावी, आणि पुस्तकांतल्या खर्चिक रीतीऐवजीं ती वापरण्याचें धैर्य व्हावें, यासाठीं शास्त्र इतकें पचलेलें असावें लागतें कीं त्याचें ओझें वाटूं नये.

यानंतर खडकवासल्याची दारें. मुठा नदीवरील हें धरण १८७९ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या जलाशयास फाइफ साहेबांचें नांव होतें. पुण्याची वस्ती वाढली, कालव्यांची गरज वाढली, आणि पाणी अपुरें पडूं लागलें. धरणाची भिंत उंच करावी तर जुन्या पायावर नवा भार पडणार. विश्वेश्वरय्यांनीं सांडव्यावर आपोआप उघडणारीं आणि आपोआप मिटणारीं दारें बसविलीं. जलाशय ठराविक पातळीपर्यंत भरेपर्यंत तीं मिटलेलीं राहत. पुराचें पाणी त्या पातळीच्या वर चढलें कीं पाण्याच्याच वजनानें उघडत, आणि पूर ओसरला कीं पुनः मिटत. माणसाचा हात लागत नसे. १९०३ च्या सुमारास हीं दारें बसलीं आणि धरणाची भिंत न वाढवितां पाण्याची पातळी सुमारें ८ फूट वाढली. या युक्तीचें पेटंट त्यांच्या नांवें झालें, परंतु ज्या सरकारची आपण नोकरी करतों त्याच्याकडून मानधन घेणें त्यांनीं नाकारलें.

याच काळांत दख्खनच्या कालव्यांवर त्यांनीं पाणीवाटपाची ठोक पद्धति आणली. मनास येईल तेथें आणि मनास येईल तितकें पाणी घेण्याऐवजीं जमिनीचे तुकडे पाडून, पाळीपाळीनें, पिकाच्या गरजेप्रमाणें पाणी द्यावयाचें, ही ती पद्धति. कागदावर ती निर्दोष होती. परंतु ज्याचें शेत कालव्याच्या तोंडाशीं, त्याला पाळी कशाला हवी? शेतकऱ्यांचा विरोध झाला. येथें नुसता हुकूम काढून भागलें नसतें. विश्वेश्वरय्या शेतकऱ्यांमध्यें गेले, त्यांच्याशीं बोलले, आणि त्यांच्या गळीं ती गोष्ट उतरविली. दार बसविणें सोपें असतें, कारण पाणी तक्रार करीत नाहीं. पाळी बसविणें कठीण, कारण तेथें माणूस येतो. तज्ज्ञाचा कारभारी होण्याचा पहिला धडा त्यांनीं येथें गिरविला, असें मला वाटतें.

आतां एक आख्यायिका सांगतों. ती इतिहास म्हणून नव्हे, आख्यायिका म्हणूनच ऐकावी. विश्वेश्वरय्या एकदां रात्रीं आगगाडींतून चालले होते. डोळा लागला होता. एकाएकीं ते उठले आणि त्यांनीं सांखळी ओढली. लोक रागावले, गार्ड धांवत आला. ते म्हणाले, "पुढें कांहीं अंतरावर रूळ तुटलेला असावा." जाऊन पाहतात तों खरोखरीच रुळाचा सांधा निखळलेला! विचारलें तेव्हां ते म्हणाले कीं, गाडीच्या आवाजाचा ताल बदललेला मला जाणवला.

ही गोष्ट घडली असो वा नसो, लोकांनीं ती अशा माणसाच्या नांवावर लावली, यांतच तिचें मर्म आहे. आपण ज्याला अंतःस्फूर्ति म्हणतों ती आकाशांतून पडत नाहीं. रूळ, चाकें आणि त्यांचे आवाज वर्षानुवर्षें ऐकलेल्या कानालाच ताल चुकल्याचें झोंपेंतहि कळतें. बाकीचे उतारू बहिरे नव्हते. परंतु त्यांचा कान शिकलेला नव्हता. जुना वैद्य नाडीवर बोट ठेवतांच रोग सांगतो. जुना शेतकरी वाऱ्याच्या वासावरून पाऊस सांगतो. आणि आम्हां शिक्षकांनाहि वर्गांत पाऊल टाकतांच आज कांहीं तरी बिनसलें आहे हें कळतें. याला आपण उपजत म्हणतों, पण तें उपजत नसतें, मुरलेलें असतें. लोणचें जसें मुरावें लागतें तसें ज्ञान मुरावें लागतें. मगच तें जाणीव होतें. म्हणून तज्ज्ञता आणि अंतःस्फूर्ति या दोन शत्रू नसून, एकीच्या पोटीं दुसरी जन्मास येते. निदान जेथवर पाणी, दगड आणि लोखंड यांचा संबंध आहे तेथवर तरी हें खरें. माणसांचा संबंध आला म्हणजे काय होतें, तें पुढें पाहूं.

१९०८ सालीं विश्वेश्वरय्यांनीं मुंबई सरकारची नोकरी स्वखुषीनें सोडली. त्या काळीं मुख्य इंजिनियराच्या जागेपर्यंत हिंदी माणूस पोंचणें दुरापास्त होतें. त्याच वर्षीं, २८ सप्टेंबरला, हैदराबादेस मुसी नदीला प्रलयंकारी पूर आला. हजारों माणसें दगावलीं. अफझलगंज भागांतील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेंच्या आसपास माणसें वांचलीं अशी तेथें आठवण सांगतात. तें झाड पुढें लोकांनीं जपलें. निजाम सरकारनें विश्वेश्वरय्यांना पाचारण केलें आणि १९०९ सालीं ते हैदराबादेस आले.

अशा वेळीं कारभाऱ्यापुढें मोह कोणता असतो? शहरांत नदीच्या दोन्ही कांठांना उंच भिंती बांधाव्या आणि लोकांना सांगावें कीं आतां भय नाहीं. भिंत दिसते, म्हणून तिनें समाधान होतें. परंतु विश्वेश्वरय्यांनीं प्रथम शहराकडे पाठ केली आणि नदीच्या उगमाकडे तोंड केलें. त्यांच्या तपासांत असें दिसलें कीं, मुसीच्या खोऱ्यांत शेंकडों लहानमोठे तलाव होते आणि अतिवृष्टीनें त्यांपैकीं दोनशेंहून अधिक फुटले होते. वरचा तलाव फुटला कीं त्याचें पाणी खालच्यावर. तो फुटला कीं दोघांचें पाणी तिसऱ्यावर. अशी ती लोंढ्यांची माळ शहरावर येऊन आदळली होती.

मग त्यांनीं दुसरा प्रश्न विचारला. असा पाऊस पुनः पडेल काय? हैदराबादच्या पावसाच्या नोंदी थोड्या होत्या. म्हणून त्यांनीं इतर प्रांतांतील नोंदी मागवून ताडून पाहिल्या, आणि असा निष्कर्ष काढला कीं, इतका पाऊस हा दैवाचा एकदांच झालेला कोप नव्हे. तो अन्यत्र पडलेला आहे आणि येथेंहि पुनः पडूं शकतो. यावरून त्यांनीं सुचविलें कीं, मुसी आणि तिला मिळणारी ईसी या दोन्ही नद्यांवर, शहराच्या वरच्या अंगास, पुराचें पाणी सामावून घेणारे मोठे जलाशय बांधावे. त्याप्रमाणें पुढें १९२० सालीं उस्मानसागर आणि १९२७ सालीं हिमायतसागर पुरा झाला. या जलाशयांनीं पुराला लगाम तर घातलाच, शिवाय शहराला पिण्याचें पाणी दिलें.

यांत अंतर्दृष्टि कोठें आणि शास्त्र कोठें, हें वेगळें काढून दाखविणें कठीण आहे. "पूर शहरांत अडवावयाचा नसतो, शहराच्या वर अडवावयाचा असतो," हा विचार एका क्षणांत सुचला असेल. पण तो खरा कीं खोटा हें पावसाच्या नोंदींनीं ठरविलें. स्फूर्तीनें वाट दाखवावी आणि हिशेबानें ती तपासावी. ज्या कारभारांत स्फूर्ति आहे पण हिशेब नाहीं, तो जुगार. आणि ज्यांत हिशेब आहे पण स्फूर्ति नाहीं, तो नुसता कारकुनी खर्डा.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानचे मुख्य इंजिनियर झाले. कावेरी नदीवर कन्नंबाडी येथें मोठें धरण बांधण्याची योजना त्यांनीं मांडली. तेंच पुढें कृष्णराजसागर म्हणून प्रसिद्धीस आलें. १९११ सालीं काम सुरू झालें. परंतु कावेरी एकट्या म्हैसूरची नव्हती. तिच्या खालच्या अंगास मद्रास इलाख्यांतील तंजावरची भातशेती होती. मद्रास सरकारनें हरकत घेतली आणि प्रथम सुमारें ८० फूट उंचीपुरतीच संमति मिळाली. मूळ योजना सुमारें १२४ फुटांची होती.

येथें विश्वेश्वरय्यांनीं जो निर्णय घेतला तो मला त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत धाडसी वाटतो. त्यांनीं पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणासाठीं घातला. विचार करा, श्रोते हो. पुढची परवानगी मिळालीच नसती, तर लोकांचा पैसा पाण्यांत घातल्याचा ठपका कोणावर आला असता? आणि ८० फुटांपुरता पाया घातला असता, तर परवानगी मिळूनहि धरण वाढवितां आलें नसतें. या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि गणिताच्या पुस्तकांत नव्हतें. दगडाचें बळ मोजतां येतें. दोन सरकारांच्या भांडणाचा शेवट मोजतां येत नाहीं. १९१४ सालीं लवादाचा निकाल लागला. मद्रासनें त्यावर वर दाद मागितली. प्रकरण चिघळलें आणि अखेरीस १९२४ सालीं करार झाला. पाया तयार होता, म्हणून धरण आपल्या पूर्ण उंचीस गेलें. मंड्याच्या कोरड्या माळावर ऊंस उभा राहिला आणि तेथें साखरेचा कारखाना निघाला. या यशाची किंमतहि सांगितली पाहिजे. कन्नंबाडी आणि आसपासचीं अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. तेथील माणसांना चुलीसकट उठावें लागलें. आणि कावेरीच्या पाण्याचा तंटा त्या करारानें मिटला नाहीं, तो पुढच्या पिढ्यांना वारशानें मिळाला.

१९१२ सालीं महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनीं या इंजिनियराला संस्थानचा दिवाण केलें. मीं प्रारंभीं सांगितलेली भिंत येथें पडली. सल्ला देणारा आतां निर्णयाच्या खुर्चीवर बसला. १९१३ सालीं संस्थानची बँक निघाली. १९१६ सालीं म्हैसूर विद्यापीठ स्थापन झालें. चंदनाच्या तेलाचा कारखाना निघाला, प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याच्या दिशेनें पावलें पडलीं. भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची योजनाहि त्यांचीच. या कारखान्याविषयीं थोडें सांगावयास हवें, कारण तेथें तज्ज्ञाचा अंदाज प्रथम फसला. १९२३ सालीं कारखाना सुरू झाला तेव्हां लोखंडाचे भाव घसरलेले होते, आणि तोटा होऊं लागला. तेव्हां दिवाणगिरी सोडून गेलेल्या विश्वेश्वरय्यांना संस्थानानें परत बोलाविलें. ते आले, १९२९ पर्यंत त्यांनीं कारखान्याचें अध्यक्षपद सांभाळलें आणि त्याला पायांवर उभें केलें. त्या कामाचा मोबदला स्वतः न घेतां, त्या रकमेंतून धंदेशिक्षणाची संस्था निघावी अशी त्यांनीं इच्छा दर्शविली. आपला अंदाज चुकला तर तो निस्तरण्यास स्वतः हजर राहणें, हें तज्ज्ञतेचें सर्वांत दुर्मिळ लक्षण होय.

आतां या चरित्राची दुसरी बाजू. शिक्षकानें थोरांच्या चरित्रांतील फक्त उजळ पानें वाचून दाखवावीं, असें मी कधीं मानलें नाहीं.

१९१७-१८ च्या सुमारास म्हैसूर संस्थानांत ब्राह्मणेतर समाजांतून एक मागणी जोरानें पुढें आली. संस्थानच्या नोकऱ्यांत बहुतेक एकाच जातीचे लोक आहेत. इतरांनाहि त्यांत वांटा मिळावा. महाराजांनीं १९१८ सालीं मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. दिवाण विश्वेश्वरय्यांना हा मार्ग मान्य नव्हता. शिक्षण सर्वांना द्यावें, परंतु नोकरी गुणावरच द्यावी, नाहीं तर कारभाराची कार्यक्षमता ढासळेल, असें त्यांचें मत होतें. मतभेद मिटला नाहीं आणि १९१८ च्या अखेरीस त्यांनीं दिवाणगिरी सोडली. समितीचा अहवाल १९१९ मध्यें आला आणि संस्थानानें त्याप्रमाणें पाऊल टाकलें.

त्यांचा हेतु शुद्ध होता, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु याच वेळीं आपल्या कोल्हापुराकडे दृष्टि वळवावी. तेथील छत्रपति शाहूमहाराज इंजिनियर नव्हते आणि समाजशास्त्राचे पदवीधरहि नव्हते. परंतु २६ जुलै १९०२ रोजीं, म्हणजे मिलर समितीच्या सोळा वर्षें आधीं, त्यांनीं आपल्या संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. शिक्षणाकडेहि त्यांनीं दुर्लक्ष केलें नाहीं. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें काढलीं आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. आणि हेंहि ध्यानांत असावें कीं, भोगावतीवरील राधानगरीच्या धरणाचें काम याच राजानें सुरू केलें. धरण त्यालाहि कळत होतें. परंतु माणसांनीं माणसांवर घातलेला बांध त्याला अधिक लवकर दिसला.

विश्वेश्वरय्यांच्या दृष्टीनें गुण म्हणजे परीक्षेचा निकाल. शाहूमहाराजांनीं असें पाहिलें कीं, ज्याला परीक्षेच्या दारापर्यंत पोंचूंच दिलें नाहीं, त्याचा गुण मोजणार कोण? ज्या विश्वेश्वरय्यांना मुसीचा पूर शहरांत नव्हे तर वरच्या खोऱ्यांत शोधावा हें कळलें, त्यांनाच नोकऱ्यांतील विषमतेचा उगम वरच्या खोऱ्यांत आहे, हें तितक्या स्पष्टपणें दिसलें नाहीं. एका विषयांत मुरलेलें ज्ञान दुसऱ्या विषयांत आपोआप जाणीव होत नाहीं. पाण्याची जाण निराळी, माणसांची जाण निराळी. दुसरी जाणहि मुरावीच लागते. तिचीं पुस्तकें म्हणजे लोकांचीं दुःखें. शाहूमहाराजांनीं तीं वाचलीं होतीं. पुढें १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेंतहि मागासलेल्या वर्गांसाठीं शासकीय नोकऱ्यांत जागा राखण्यास वाव ठेवला गेला. इतिहासानें कोणाच्या बाजूनें कौल दिला, हें आपणच ठरवावें.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, "पाहा, मग शेवटीं राजाची स्फूर्तिच श्रेष्ठ, तज्ज्ञ मागें बसावा." असा निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये, म्हणून एकच गोष्ट सांगून संपवितों. १२ जुलै १९६१ चा दिवस पुण्यांतील जुन्या घरांना ठाऊक आहे. मी त्या वेळीं वर्षाचाहि नव्हतों. आईच्या कडेवर होतों. माझ्या हातांतली चांदीची वाळी त्या धांदलींत हरवली, तेवढीच त्या पुराशीं माझी ओळख, असें आई सांगे. पानशेतचें मातीचें धरण त्या दिवशीं फुटलें. त्याचें काम पुरें झालेलें नव्हतें आणि त्याच पावसाळ्यांत तें भरलें गेलें. आदल्या रात्रीं लष्करी जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून धरण सांवरून धरलें, म्हणून तें अंधारांत न फुटतां दिवसाउजेडीं फुटलें आणि पुष्कळ जीव वांचले. तो लोंढा खालीं खडकवासल्यावर आला आणि तेंहि धरण फुटलें. ज्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांचीं दारें अर्धशतकाहून अधिक काळ आपोआप उघडत मिटत आलीं होतीं, तेथें आतां त्यांचा कांहीं इलाज चालला नाहीं. नदीकांठच्या पेठा वाहून गेल्या, आणि पुण्याला पिण्याच्या पाण्याचे हाल सोसावे लागले. त्या वेळीं विश्वेश्वरय्या हयात होते. १९५५ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें होतें. १४ एप्रिल १९६२ रोजीं, वयाची शंभरी गांठून, त्यांनीं देह ठेवला.

अपुऱ्या कामावर पाणी चढूं देणें, ही कोणत्याहि शास्त्राची शिकवण नव्हे. मनुष्याला आशा असते कीं, यंदा एवढा पाऊस पडणार नाहीं. एवढें वर्ष निभावून जाईल. या आशेलाहि कित्येकदां स्फूर्तीचें नांव दिलें जातें. तिची पारख कशी करावी? मला एकच खूण सुचते. खरी अंतःस्फूर्ति माणसाला अधिक काम करावयास लावते. ती त्याला उगमाकडे नेते, नोंदी मागवावयास लावते, पाया रुंद घालावयास लावते, लोकांच्या दारीं पाठविते. खोटी स्फूर्ति मात्र काम वांचविते. "होईल सगळें ठीक," असें जी कानांत सांगते, ती स्फूर्ति नव्हे. तो आळस होय.

तात्पर्य, श्रोते हो, ज्याच्या हातीं आपण आपलें पाणी, आपलीं मुलें आणि आपलें आरोग्य सोंपवितों, त्याच्याविषयीं दोनच प्रश्न विचारावे. पहिला, त्याला आपला विषय मुरेपर्यंत ठाऊक आहे काय? आणि दुसरा, आपला विषय जेथें संपतो ती सीमा त्याला ठाऊक आहे काय? पहिल्याचें उत्तर पदवीवरून थोडेंबहुत कळतें. दुसऱ्याचें कोणत्याहि परीक्षेंत कळत नाहीं. तें त्याच्या वागण्यावरूनच ओळखावें लागतें. तो पुराचें कारण शोधावयास नदीच्या वर जातो काय, आणि लोकांच्या तक्रारीचें कारण शोधावयास लोकांच्या घरीं जातो काय, एवढें पाहावें. हीं दोन्हीं पावलें टाकणारा कारभारी विरळा असतो. मिळाला, तर त्याला जपावें. आणि त्याचेंहि चुकेल तेव्हां, आदर न सोडतां, त्याला तसें सांगावें.